सोमीबाईची बांधी

मोजणीवाला रिटायर झाला की नकाशे ऑफिसात राहतात अन् किस्से घरी येतात. माझी बायको म्हणते, "पुरे झालं आता!" पण जुना कोणी भेटला की थांबतंय कोण!

ऐंशीच्या दशकात आम्ही चंद्रपूर-गडचिरोलीचं जंगल पायाखाली घातलं. काम एकच. जंगल कुठं संपतं अन् शेत कुठं सुरू होतं, ती रेघ काढायची. शेत रेघेच्या अलीकडं की पलीकडं, यावर घरचं वर्षभराचं धान ठरायचं. त्यामुळे लोक आम्हाला चहा पाजत अन् घाबरतही.

*

लहानूभाऊ आमचा साखळीवाला. मोजायच्या लोखंडी साखळीचं एक टोक त्याच्याकडे, दुसरं माझ्याकडे. एकदा तो झुडपात शिरला अन् साखळी एकदम तिरपी वर गेली!

मी ओरडलो, "लहानूभाऊ, सरळ धर ना!"

झाडावरून आवाज आला, "खाली अस्वल हाय! तुमी माप लिहून घ्या, मी टोक सोडलं नाई!"

ते माप मी खोडलं.

*

आमच्या जुन्या थिओडोलाइटच्या, म्हणजे कोन मोजायच्या यंत्राच्या, दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं. एका गावात एक म्हातारबा हट्टच धरून बसले, मले पाहू द्या म्हणून. पाहिलं, अन् तडक गावाकडं चालू लागले.

"काऊन बा, काय झालं?"

"माह्ये बैल पाय वर करून चरून राह्यले. पाहून येतो."

अर्ध्या तासानं परत आले. म्हणाले, "आता सरळ हायेत. पुन्हा त्याच्यातून पाहू नका!"

*

सिरोंच्याला गोदावरीच्या काठावर आमच्या साहेबांनी जुना नकाशा उघडला. साहेब पुण्याचे, कागदावर फार विश्वास. नकाशाप्रमाणे आम्ही नदीच्या मधोमध उभे होतो, अन् पायाखाली कोरडी वाळू! नदी कधीच सरकली होती. साहेब म्हणाले, "नदी चुकीच्या जागी आहे."

शेजारी एक मासेमार जाळं वाळवत होता. म्हणाला, "नकाशा नदीले दाखवला होता का, सार?"

*

आता सोमीबाईचं सांगतो. दशक संपता संपता उपग्रहाचे फोटो आले. त्यात हिरवी झाडं लाल दिसत. साहेब खूश! "आता पायपीट संपली!"

धानोऱ्याकडच्या एका टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, सोमीबाई एकटीच राहायची. तिची एक बांधी, म्हणजे धानाचा तुकडा. फोटोत त्या जागी लालच लाल. साहेबांनी पेन्सिलीनं लिहून टाकलं, 'जंगल'. मला फार वाईट वाटलं. ती बांधी गेली असती तर बाईजवळ दुसरं काहीच नव्हतं.

बाई म्हणाली, "साहेब, ते मोहाचे झाडं हायेत, धुऱ्यावरचे. शेत केलं तरी मोह कोनी तोडते का?"

"बाई, फोटो वरून काढलाय. तो खोटं बोलत नाही."

"मंग खालून या ना. पाहा."

रोवणीचे दिवस, बांधीत चिखलच चिखल. साहेब बुटासकट धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, आत उतरले. दुसऱ्याच पावलाला गुडघ्यापर्यंत आत! बूट काही निघेना. तरी फोटो उंच धरून म्हणतात, "नाही, नाही, इथं जंगलच आहे!"

सोमीबाई हातात रोपांची पेंढी घेऊन समोर उभी. आवाज न चढवता म्हणाली, "मंग तुमचा पाय कशात रुतला, साहेब?"

लहानूभाऊनं तोंड फिरवलं. मी साहेबांना बाहेर ओढायला हात पुढे केला.

"हात नको," साहेब म्हणाले, "आधी खोडरबर दे."