काथ्याचं पोतं

पेणजवळच्या आमच्या जोहे गावात गणपतीच्या कारखान्यात साचे भरणारा एक माणूस आहे. बोलताना तो समोरच्याच्या तोंडाकडे कधी बघत नाही, पायांकडे बघतो. "वैनी, मागची टाच उचला," असं त्यानं मला पेणच्या बाजारात भाजी घेतानाही सांगितलंय.

विसर्जन झालं की कारखाना रिकामा होतो. मग आढ्याला काथ्या भरलेलं पोतं टांगून तो गावच्या पोरींना बॉक्सिंग शिकवतो. पोरी अकरा आणि ग्लोव्हजचे जोड दोन. पुढं नव्या मूर्तींनी जागा भरली की शिकवणं बंद.

यंदा रोह्याच्या स्पर्धेत माझी लेक पहिल्याच फेरीत हरली. परतीच्या एसटीत मी वैतागून म्हणाले, "त्या बाहेरच्या पोरींच्या रक्तातच असतं ते. आपल्या नाय."

तो माझ्या चपलांकडे बघत राहिला. "ती पोर बारा म्हैने खेलते, वैनी. आपली चार."

आठवड्यानं लेकीकडचे ग्लोव्हज परत द्यायला त्याच्या घरी गेले आणि दारातच थांबले. खाटेवर, कपाटावर, गॅसच्या ओट्यावर, सगळीकडं बिनरंगाचे गणपती. मालकाला विचारून त्यानं एकेक मूर्ती घरी वाहून आणली होती. त्याची बायको आतून म्हणाली, "ये गो, पन बसायची जागा तूच शोध."

"कारखाना मोकला केला," तो म्हणाला. "आता बारा म्हैने शिकवतो. तरी हरली, तं मंग रक्ताचं बोला."

हे मात्र तो थेट माझ्या डोळ्यांत बघून बोलला. नजर पायांकडे वळवली ती मी.