भैरवाचा दोरा आणि कमलबाईंचा ब्रेक

तेरखेड्याजवळच्या वाशीत हमरस्त्यालगत महांतप्पांचे गॅरेज आहे. परमेश्वर आणि पेट्रोल इंजिन या दोन्हींचे अंतरंग आपल्याला सारखेच ठाऊक आहे, अशी महांतप्पांची खात्री होती, आणि गिऱ्हाइकांनी ती कधी ढळू दिली नव्हती. दुरुस्त झालेली गाडी हवाली करण्यापूर्वी ते बॉनेट उघडून आत सोनारीच्या काळभैरवाचा काळा दोरा बांधीत. दोऱ्यांचे बंडल ते दर अमावास्येला स्वतः सोनारीला नेऊन देवाच्या पायांना लावून आणीत. वाशी-तेरखेडा पट्ट्यात वाहन चालवण्याच्या परवान्यापेक्षा या दोऱ्याला अधिक मान होता. ज्यांच्याकडे परवाना नव्हता, त्यांना तर तेवढाच आधार होता.

अशा या नामवंत गॅरेजसमोर एका सकाळी तेरखेड्याच्या कमलबाईंची जुनी पेट्रोल गाडी धापा टाकत येऊन थांबली. कमलबाईंचा फटाक्यांचा कारखाना. साठी उलटल्यावर त्या गाडी शिकल्या, आणि तेव्हापासून त्यांना बघताच समोरची वाहने समंजसपणाने कडेला होत.

“आप्पा, ब्रेक हाय का खडक?” त्या दार उघडतानाच कडाडल्या. “येरमाळ्याच्या उतारावर दोन्ही पायांनी त्याच्यावर उभी राह्यले, तवा कुठं थांबली. माघं भुईनळ्याची खोकी! वर जायची तयारी झालती, ती बी रोषणाईसकट.”

“आक्का, वय झालं. पायात जोर राह्यला न्हाय तुमच्या.”

“जोर बघायचाय? वाक जरा.”

शेजारच्या चहाच्या टपरीवरचा विरुपाक्ष खदखदून हसला. महांतप्पांनी त्याच्याकडे दुर्लक्ष करून चाके खोलली. ब्रेकचे पॅड ठीक होते, ऑइल ठीक होते. जी परीक्षा आधी करायची, ती त्यांनी शेवटी केली. कारण तिला पाना लागत नाही, आणि पान्याशिवाय झालेल्या कामाला गिऱ्हाईक काम समजत नाही. इंजिन बंद ठेवून त्यांनी पेडल चार-पाच वेळा दाबले, मग पाय तसाच दाबून धरत इंजिन सुरू केले. अशा वेळी पेडल आपसूक थोडे खाली जायला हवे. ते जागचे हलले नाही.

“बूस्टरला ओढ मिळंना,” महांतप्पा बॉनेट उघडून म्हणाले. “आक्का, ब्रेक काय तुमचा एकला पाय लावत न्हाय. इंजिन पायपातून हवा ओढतं, त्या ओढीनं हा काळा डबा तुमच्या पायाला हात देतो. ती ओढ कुठंतरी गळायलीय.”

इंजिन हिंदकळत होते आणि आतून बारीक सुसकारा येत होता. महांतप्पा त्या रबरी पाइपवरून बोट फिरवत गेले. एका जागी बोट थांबले, त्यांनी ती जागा अंगठ्याने दाबली. सुसकारा बंद झाला आणि इंजिन शहाण्यासारखे चालू लागले. अंगठ्याखाली काळा दोरा होता. देव घसरू नये म्हणून तीन गाठी मारून आवळलेला, तेल आणि उष्णता पिऊन तारेसारखा ताठ झालेला. वर्षभराच्या थरथरीत त्याने रबर अगदी नेटके कापले होते.

गाठी त्यांच्याच हातच्या होत्या.

कमलबाईंच्या एका गाडीचा प्रश्न असता, तर दोरा मुठीत लपवून महांतप्पांनी तो कायमचा मिटवला असता. पण त्या पाइपपाशी हात सहज पोचतो, म्हणून अशा प्रत्येक गाडीत त्यांनी देवाला तिथेच बसवले होते. त्यांतली एक गाडी रोज शाळेची पोरे नेत होती.

त्यांनी दोरा कापून खिशात टाकला, नवा पाइप घातला, त्यातला हवा एकाच दिशेने सोडणारा व्हॉल्व्ह सरळ बसल्याची खात्री केली आणि पुन्हा तीच परीक्षा घेतली. पावसानंतरच्या काळ्या रानात पाय रुतावा, तसे पेडल अलगद खाली गेले.

“झालं? आता नवा दोरा बांध,” कमलबाई म्हणाल्या. “जुन्यानंच वाचवलं बघ मला त्या उतारावर.”

आता गप्प बसले असते, तर महांतप्पांची कीर्ती परंड्यापर्यंत गेली असती. विरुपाक्ष किटली हातात धरून ऐकत होता. महांतप्पांनी खिशातला दोरा काढून मूठ उघडली.

“वाचवलं न्हाय, आक्का. ह्यानंच पायप कापला. म्या बांधलेला.”

कमलबाईंनी दोरा निरखला. मग महांतप्पांना निरखले.

“देवावर ढकलतूस व्हय? लाज न्हाय वाटत?”

“देवावर न्हाय, माझ्यावर घ्यायलोय!”

“दोरा कुणाचा? भैरवाचा. मंग?”

“गाठ माझी हाय ना!”

विरुपाक्षाने तेवढ्यात तोंड घातले. “आप्पा, पंचवीस वर्सं तूच सांगितलंस, दोरा हाय तर भ्या न्हाय. आता कोण ऐकतंय तुझं?”

एवढे मात्र खरे होते. ज्या माणसाने लोकांना विश्वास ठेवायला शिकवले, त्याच्यावर त्याच तोंडाने शंका शिकवण्याची पाळी आली, की त्याला कुणी शिष्य उरत नाही. महांतप्पांनी तिथल्या तिथे शाळेच्या गाडीच्या चालकाला, शंकरप्पाला, फोन लावला. दोरा काप म्हटल्यावर शंकरप्पाने सरळ विचारले, “आप्पा, बरं हाय ना तुमाला?” आणि फोन ठेवला.

कमलबाई आतापर्यंत गाडीत बसल्या होत्या. ब्रेक दोनदा दाबून त्यांनी समाधानाने मान हलवली, आणि मग खिडकीतून डोके बाहेर काढले.

“येडा हायस. काप म्हनल्यावर कोण कापंल? देवाला उठवू नगंस, बसायची जागा बदल. पुढं आरशाला बांध. अंधारात तेलकट पायपावर बसून कटाळला आसंल त्यो बी.”

महांतप्पांनी शंकरप्पाला पुन्हा फोन लावला. या वेळी आवाज पूजेच्या वेळेसारखा खोल काढला. “शंकरप्पा, देवानं जागा बदलल्याय. आतल्या दोऱ्याला हात लावू नगंस, त्यो म्याच सोडणार. गाडी घेऊन ये. हळू ये.”

शाळा सुटण्याच्या आधी शंकरप्पा आला. दुसऱ्या दिवसापासून बाकीचेही येऊ लागले. काही जण तर नारळ घेऊन. महांतप्पा प्रत्येक गाडीच्या आरशाला नवा दोरा बांधत, आणि मग बॉनेटमध्ये डोके घालून आधी जुना दोरा कापत, मग पाइप चाचपत, आणि जिथे रबराला वळ उठला असेल तिथे पाइप बदलत. त्या वेळी त्यांचे ओठ हलत. ते मंत्र म्हणत आहेत, असे गिऱ्हाइकांना वाटे आणि ती हात जोडून उभी राहत.

महांतप्पा स्वतःला शिव्या देत असत.