आईची साक्ष

घरचे ज्याला माझे नखरे म्हणतात तो ऑटिझम तर नसेल, अशी शंका मला चाळिशीत आली. चिंचवडच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, “लहानपणचं सांगणारं कुणीतरी आणा.” म्हणून चाकणजवळच्या गावातून आईला आणलं. ट्रॅफिक एवढं, की निघताना काळे असलेले तिचे केस पोचेपर्यंत पिकले.

“माझी पोर एकदम नॉर्मल हाय,” आईने बसायच्या आधीच निकाल दिला. वर्षभर गोळा केलेला माझा धीर तिने एका फटक्यात झाडून टाकला.

“आवाजाचा त्रास व्हायचा का हिला?”

“न्हाई वो. कुकरची शिट्टी झाली की गोठ्यात पळायची, एवढंच.”

“मग कुकर कोण बंद करायचं?”

“कोण करनार? मीबी गोठ्यातच की!”

“आणि पाहुणे आले की?”

“तवाबी आमी दोघी गोठ्यातच. म्हशीला कटाळा आला व्हता आमचा.”

मी कपाळावर हात मारला. डॉक्टरबाईंनी हळूच खुर्ची आईकडे वळवली. “मावशी, तुम्हाला अजून कशाकशाचा त्रास होतो?”

“आधी त्यो कटकट्या पंखा बंद करा, मग इचारा.”

आणि मी मूर्ख, आल्यापासून तोच पंखा हसतमुखाने सोसत बसले होते!