देवरुखचा ओटीपी

बुधवार होता. सौदीत अल सुलै भागातल्या आमच्या गोदामात सकाळी आठपर्यंत व्हॉल्व्हच्या पेट्या मोजून झाल्या होत्या आणि मी डिलिव्हरी नोटा लावत बसलो होतो. स्टोअरकीपर सलीमभाई दारातून म्हणाले, "विनायक, ताई फोन उचलत नाहीत. पूजा चालू असेल."

तिकडे देवरुखला साडेदहा वाजले होते. ताईची पूजा साडेनऊला संपते. थोड्या वेळाने शेजारच्या सुमनवहिनींचा फोन आला. ताई सकाळी उठलीच नव्हती.

कंपनीने सुट्टीचा व्हिसा दोन दिवसांत करून दिला. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं.

ताई माझी थोरली बहीण. लग्न केलं नाही, छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. ती होती तोवर तिचे हे किस्से नव्हते, कटकटी होत्या. तिच्याकडून ओटीपी वेळेवर मिळाला नाही की आम्ही चरफडायचो, एवढंच. आता दर शुक्रवारी चहाला बसलो की एक तरी निघतो. एकाने सुरू केला की दुसरा म्हणतो, "आणि ते हॉटेलचं आठवतं का?" तिचा स्वतःचा एक अर्ज एका पायरीवर अडकून राहिला आहे. त्याचा किस्सा मात्र मी अजून कुणाला सांगितलेला नाही. तो शेवटी सांगतो.

* * *

सुरुवात जाधवने केली. जाधव कऱ्हाडचा, एसी टेक्निशियन, आमच्याच फ्लॅटमध्ये राहतो. शेअर कागदावर नाही, खात्यात राहतात, हे कळल्यावर त्याने फोनवरूनच डिमॅट खात्याचा अर्ज भरला. "तुम्ही भारतात राहता का?" या प्रश्नापुढे त्याने "हो" असं लिहिलं.

तिकडून एका मुलीचा फोन आला. "सर, तुमचा नंबर सौदीचा दिसतोय. तुम्ही वर्षात किती दिवस भारतात असता?"

"तीस दिवस. पण मॅडम, मन तिथंच असतंय बगा."

"सर, मन कुठे असतं ते आम्ही विचारत नाही. इकाम्याची, तिथल्या रहिवासी परवान्याची, कॉपी पाठवा!"

मग अनिवासी भारतीयाचा वेगळा अर्ज, वेगळं बँक खातं, सगळं पहिल्यापासून. त्यात सौदीचा पत्ता लिहायचा होता. जाधवने लिहिलं, "पाण्याच्या पांढऱ्या टाकीमागे, तंदूरच्या समोर." खातं उघडल्याचं पाकीट महिन्याने आलं ते थेट तंदूरवर. तंदूरवाल्या खानने ते पिठाच्या पोत्यावर जपून ठेवलं आणि जाधव रोट्या घ्यायला गेला तेव्हा दोन्ही हातांनी दिलं. "मुबारक हो जाधव भाई, शादी का कार्ड आया है!"

* * *

सलीमभाई दापोलीकडचे. त्यांचा अर्ज सहीवर अडकला. पॅन कार्डावरची सही त्यांनी बाविसाव्या वर्षी केलेली, चांगली लांबलचक, प्रत्येक अक्षर सुटं. त्यानंतर वीस वर्षं दिवसाला शंभर डिलिव्हरी नोटांवर सही करून करून तिचं एक गांडूळ झालं होतं. अर्ज तीनदा परत आला. शेरा एकच. सही जुळत नाही.

मी ताईला सहज सांगितलं. ती म्हणाली, "त्याला फोन दे." आणि सलीमभाईंना, "पॅन कार्डाचा फोटो पाठव. चौरेघी वही घे. रोज वीस वेळा."

बेचाळीस वर्षांचे सलीमभाई जेवण झाल्यावर स्वतःच्या सहीचा कित्ता गिरवायला लागले. रोज पानाचा फोटो देवरुखला जायचा आणि लाल खुणा होऊन परत यायचा. "एसचं पोट भरलेलं नाही." "शेवटी शेपूट वर, खाली नाही." एकदा नुसतंच, "घाई."

पंधराव्या दिवशी अर्ज मंजूर झाला. सोळाव्या दिवशी गोदामाच्या गेटवर क्लार्कने सलीमभाईंचा ट्रक अडवला. त्यांचीच डिलिव्हरी नोट त्यांच्यासमोर धरली आणि म्हणाला, "ये साइन आपका नहीं है!"

* * *

खाती उघडली, पण ओटीपी यायचा भारतातल्या नंबरवर. इथल्या फोनमध्ये ते सिम ठेवलं तर मेसेज कधी यायचा, कधी दुसऱ्या दिवशी यायचा. जाधवच्या बायकोचा दिवस रानात जायचा, तिथे नेटवर्क नाही. सलीमभाईंच्या अम्मींना वाचता येत नाही. माझं सिम आधीपासून ताईकडे होतं. "त्यांचीही दे पाठवून," ती म्हणाली. "एक काय, तीन काय."

तीन साधे फोन तिने लाडवाच्या स्टीलच्या डब्यात ठेवले. पाठीवर चिकटपट्टी लावून नावं लिहिली. विनू, सलीम, जाधव. दर रविवारी तिन्ही चार्ज करायची. आणि मेसेज आला की तो पहिल्या शब्दापासून वाचायची. आम्ही घायकुतीला आलेले, नंबर काही मिनिटंच चालणार, आणि ताई सावकाश, "डिअर कस्टमर..." शेवटी "हा नंबर कोणालाही सांगू नका" हेसुद्धा वाचायची आणि विचारायची,

"मग, सांगू?"

"सांगा ताई, सांगा!"

"बँक नको म्हणते."

दर वेळी. एकदाही चुकली नाही.

* * *

शुक्रवारी इथे सुट्टी आणि तिकडे बाजार चालू, त्यामुळे शेअरचं काम शुक्रवारचं. बाजार उघडतो सव्वानऊला, म्हणजे इथले पावणेसात. पण ताईची पूजा साडेनऊपर्यंत. मग आम्ही तिघे चहाचे ग्लास घेऊन सात वाजायची वाट बघत बसायचो.

एकदा सौदीतल्याच हुफूफहून जाधवचा मेहुणा आला होता. त्याने विचारलं, "बाजार चालू झालाय की. थांबलाय कशाला?"

सलीमभाई शांतपणे म्हणाले, "अजून आरती व्हायची आहे."

* * *

सलीमभाईंचे नियम पक्के. दारू नको, तंबाखू नको, व्याजाचा धंदा नको. हे त्यांनी ताईला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि नंतर त्याचा पस्तावा झाला. कारण ताई कंपनीचं नाव ऐकल्याशिवाय नंबर सांगेना.

एकदा त्यांनी एका हॉटेल कंपनीचं नाव घेतलं.

"त्यांच्या हॉटेलात बार आहे, सलीम."

"मला माहीत नव्हतं, ताई."

"मला माहीत आहे. सहलीला आम्ही मुलांना पाणी पाजायला तिथे थांबलो होतो. पाटी वाचून सगळ्या मुलांना परत गाडीत बसवलं."

"पण ताई, ते फार पूर्वीचं..."

"चौकशी करून पुढच्या शुक्रवारी फोन कर."

फोन ठेवून सलीमभाई म्हणाले, "मौलवीसाहेबांना एक वेळ समजावता येईल. यांना नाही!"

* * *

एका शुक्रवारी बाजार जोरात पडला. जाधव घाबरला. विकायला पुन्हा वेगळा ओटीपी लागतो. त्याने ताईला फोन लावला.

"ताई, लवकर सांगा, सगळं विकून टाकतो."

"जेवलास का?"

"आवो ताई, जेवायचं काय घेऊन बसलाय, हितं वाट लागलीया!"

"साडेतीनला बाजार बंद होतो ना? आत्ता दोन वाजलेत. आवाज कसा झालाय तुझा. आधी जेव, मग नंबर देते."

आणि फोन ठेवला! जाधव जेवला. तिच्यावरच्या रागाने भाताला दोनदा फोडणी दिली आणि सावकाश जेवला. पुन्हा फोन केला तेव्हा इथला एक वाजून गेला होता, म्हणजे तिकडे बाजार बंद. ते शेअर अजून त्याच्याकडे आहेत. वर गेले की खाली, ते तो सांगत नाही. त्या दिवशीचा फोडणीचा भात चांगला झाला होता, एवढं सांगतो.

* * *

देवरुखहून परत येताना मी डबा आणला. तिन्ही फोन चार्ज केलेले होते. तिचा रविवार चुकलेला नव्हता. आता सिम आमच्या आमच्याकडे आहेत. मेसेज उशिरा येतो, पण येतो.

पहिल्या शुक्रवारी जाधवचा ओटीपी आला. त्याने पहिल्या शब्दापासून मोठ्याने वाचला, "कोणालाही सांगू नका"पर्यंत. मग फोन हातात धरून बसून राहिला. नंबरची वेळ संपली तरी त्याने तो टाकला नाही.

सलीमभाई उठले आणि म्हणाले, "चला, आधी जेवून घेऊ." सकाळचे सव्वासात वाजले होते.

* * *

आता तिच्या अर्जाचं.

ती गेली त्याच्या आधीच्या शुक्रवारी ताई म्हणाली, "विनू, माझंही एक खातं उघड."

"तुला काय घ्यायचंय?"

"एकच शेअर. आमच्या शाळेला खडू देणारी कंपनी आता बाजारात आलीय, असं वाचलं. छत्तीस वर्षं त्यांचा खडू मी झिजवला. थोडी मालकी मला नको?"

मी इथे लॅपटॉपवर तिचा अर्ज उघडला. ती तिकडे इरकली साडी नेसून बसली. सुमनवहिनींनी अर्जाची लिंक उघडून आपला फोन तिच्यासमोर धरला. पॅन झालं, आधार झालं. सही एका फटक्यात, पॅन कार्डासारखी हुबेहूब. फोटोपाशी अडलं. माणूस जिवंत आहे याची खात्री करायला ते यंत्र डोळे मिचकावायला सांगतं.

ताई त्याच्याकडे नुसती बघत राहिली.

"ताई, डोळे मिचकाव."

"परक्याला?"

"अगं, यंत्र आहे ते."

"छत्तीस वर्षं मी डोळे वटारलेत. मिचकावले नाहीत."

सुमनवहिनी हसल्या, फोन हलला, फोटो गेला. तिसऱ्या वेळी ताईच्या डोळ्यात काहीतरी गेलं आणि फोटो झाला.

शेवटची पायरी राहिली. ओटीपी. या वेळी तो तिच्या स्वतःच्या फोनवर आला. तिने चष्मा पुसला आणि सवयीने सगळा मेसेज वाचला. "डिअर कस्टमर"पासून "कोणालाही सांगू नका"पर्यंत. मी बोटं लॅपटॉपवर ठेवून तयार होतो.

"सांग," मी म्हणालो.

"नाही."

"ताई, वेळ जातेय!"

"तुमचे मी सांगत होते, कारण ते तुमचे होते. हा माझा आहे. मी का सांगू? मला इथे कुठे टाकायचा ते शिकव. मी टाकते."

बाहेर सलीमभाई जुम्म्याच्या नमाजाला निघायला गाडीचा हॉर्न वाजवत होते, आणि त्यांच्याच गाडीतून मला भाजी आणायला जायचं होतं. मी म्हणालो, "पुढच्या शुक्रवारी नीट शिकवतो."

"चालेल," ती म्हणाली. "मी कुठे जातेय."

अर्ज माझ्या लॅपटॉपवर अजून उघडतो. तिचा फोटो आहे, सही आहे, खाली सहा मोकळे चौकोन आहेत. ताईला शिकवायचं राहिलं.