सिस्टरांनी न केलेली सही

सिस्टर कुठल्याही घरात शिरल्या की आधी पाणी मागायच्या. तहान असो वा नसो. घरातली बाई हंड्यात हात बुडवते की ओगराळ्याने पाणी काढते, हंड्यावर झाकण आहे की नाही, हे त्या बघून घ्यायच्या. आणि मग ते पाणी, कसंही काढलेलं असलं तरी, सगळं प्यायच्या. मी खांद्याला वॉटरबॅग अडकवून हिंडायचो. "दातवाले," त्या मला म्हणायच्या, "त्यांचं पाणी तुम्हाला चालत नाही, मग तुमचं बोलणं त्यांनी का चालवून घ्यावं?"

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. पनवेलला माझा दातांचा दवाखाना नवा होता आणि पेशंटची खुर्ची बहुधा रिकामीच असे, म्हणून मी सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर पदविकेला नाव घातलं. वर्ग शनिवार-रविवारी भरत. डॉक्टर, वैद्य, फार्मासिस्ट, नर्स, सगळे एकाच वर्गात. डॉक्टर पुढे आणि नर्स मागे असं कुणी सांगितलं नव्हतं, पण बसायचे सगळे तसेच. सिस्टर पहिल्याच दिवशी पुढच्या बाकावर येऊन बसल्या. एका डॉक्टरने भुवया उंचावल्या, तर म्हणाल्या, "मला लांबचं दिसत नाही हो." त्यांना लांबचं माझ्यापेक्षा चांगलं दिसत होतं.

गावोगाव फिरून लसी टोचण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली होती. पदवीसुद्धा त्यांनी नोकरी सांभाळून, पोरं कॉलेजात गेल्यावर घेतली. आता त्यांना एकच गोष्ट हवी होती, नर्सेसच्या प्रशिक्षण केंद्रात शिकवायची जागा. "पोरींना सगळं शिकवतात, पण कुणाच्या ओटीवर कसं बसायचं ते नाही शिकवत," हे त्यांचं गाऱ्हाणं. त्या जागेला ही पदविका लागायची, आणि पुढच्या वर्षी त्या वयाच्या अटीत बसणार नव्हत्या. म्हणजे पास व्हायचं ते याच वर्षी.

संख्याशास्त्राने मात्र त्यांच्या नाकी नऊ आणले. मी त्यांना कोष्टकं समजावायचो, त्या मान डोलवायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "आकडा बघितला की मला ते घर दिसतं. मग बेरीज राहूनच जाते." मला हसू यायचं. मी तेव्हा बराच शहाणा होतो.

शेवटच्या सत्रात तिघातिघांनी मिळून एका गावाची पाहणी करायची होती. आमच्या गटात सिस्टर, मी आणि उरणचा मुकादम नावाचा फार्मासिस्ट. गाव पनवेलजवळच्या कोन गावाच्या पुढचं, तिथे नुकतेच नळ आले होते. गावातल्या आळ्या तिघांनी वाटून घेतल्या. माझ्या आळीत गेल्या पंधरवड्यात एकाही मुलाला जुलाब नव्हते. विभागाचे सर खूश झाले. नळामुळे जुलाब थांबले, असा निष्कर्ष आम्ही टाइप करूनही आणला.

सिस्टरांनी माझे फॉर्म चाळले आणि चष्मा काढला. "दातवाले, एवढ्या पोरांना एकदमच दात कसे आले?"

मी दातांचा डॉक्टर. दातांविषयी कुणी काही सांगितलं की 'इतर' या रकान्यात टिपून ठेवायची मला सवय. मूल आजारी होतं का, असं विचारलं की बाया सांगत, "आजारी नाय वो, दात येतायत." मी तसंच लिहीत गेलो. दात येताना होणाऱ्या जुलाबांना तिथे आजार म्हणतच नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही परत गेलो. तिसऱ्याच घरात एक वर्षाचं पोर आईच्या मांडीवर मलूल पडलं होतं, डोळे खोल गेलेले. आई तेच म्हणाली, "दात येतायत, दुसरं काय नाय." सिस्टरांनी त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लवकर खाली बसेना, अंगातलं पाणी गेलेलं. त्या चमच्याचमच्याने त्याला मीठ-साखरेचं पाणी पाजू लागल्या आणि मला टेम्पो बघायला पिटाळलं. पनवेलच्या दवाखान्यात सलाईन लागलं, पोर संध्याकाळी रडलं, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

अहवाल द्यायला दोनच दिवस होते. सिस्टर म्हणाल्या, सगळी घरं पुन्हा करू. सर म्हणाले, मुदत वाढणार नाही, तळटीप टाका आणि सह्या करा. मुकादम म्हणाला, "आपा, तुमचं वर्ष जाईल, करा ना सही."

"त्या आळीत जुलाब नाहीत असं मी कसं लिहून देऊ? मी ते पोर उचललंय," सिस्टर म्हणाल्या.

मी सही केली. मुकादमनेही केली. ज्याची सही नाही त्याचा अहवाल नाही, असा नियम होता. निकालाच्या यादीत आम्ही दोघे होतो, सिस्टर नव्हत्या. त्यांनी पुढचे चार रविवार एकटीने ती घरं पुन्हा केली, गटाराला लागून फुटलेला नळाचा पाइप शोधला आणि ग्रामपंचायतीच्या मागे लागून बदलून घेतला. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोन वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. प्रशिक्षण केंद्राने पदविका बघून मला तासिका तत्त्वावर शिकवायला बोलावलं. लाज वाटत होती, तरी मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. त्यांनी चहा टाकला. "बरं झालं. ते दातांचं तेवढं शिकवा पोरींना," एवढंच म्हणाल्या.

मी दर वर्षी शिकवायचो. फक्त 'आमच्यातल्या एका विद्यार्थ्याने' असं म्हणायचो. सिस्टर गेल्याचं कळलं त्या आठवड्यात मी पहिल्यांदा वर्गात 'मी' म्हणालो, आणि सहीचंही सांगितलं.

पुढच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "पण सर, तुम्हाला माहीत होतं ना? मग सही का केली?"

वर्ग माझ्याकडे बघत होता.