रमेशच्या खाटेपाशी आलेला वास

आधीच सांगते, मी शाळेत गणित शिकवायचे. भूतबित, संकेत-बिंकेत ऐकलं की मला हसूच यायचं. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाज वाटतेय...

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मॉरिशसमध्ये रोझ बेलला आमचं घर – तीन बाजूंनी ऊस, पुढे बसचा रस्ता. धाकटा भाऊ रमेश वनखात्याच्या ट्रेनिंगसाठी चंद्रपूरकडच्या जंगलात गेला होता. पत्रातून लिहायचा, 'इथे जंगल लहान आणि वाघ जास्त. तरणा आला की म्हाताऱ्याला हाकलतो, मग तो वस्तीकडे येतो.' हे पत्र मी मूर्खासारखं आईला वाचून दाखवलं. तेव्हापासून तिचं जेवणावरचं मनच उडालं.

एका सोमवारी, चारच्या चहाला, घरात भाताचा वास दरवळला. उंची, लग्नातल्या तांदळाचा! आम्ही खायचो रेशनचा जाडा तांदूळ.

"कोण रांधला गं हा दिरी?" आई म्हणाली. भाताला आमच्याकडे दिरी म्हणतात.

चूल थंड होती. मी शेजारीपाजारी विचारून आले, कुणीच भात टाकला नव्हता. वास फाटकाच्या खांबाला होता, कमरेएवढ्या उंचीवर. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या चौकटीला. आईनं फिनेल लावून पुसलं. तिसऱ्या दिवशी... रमेशच्या रिकाम्या खाटेच्या पायाला.

आई तिथंच खाटेपाशी बसली. "कायतरी आत येतंय. जागा धरतंय. मला लापेर वाटतोय गं, नुसती भीती! रमेशला फोन करायला सांग!"

मी चिडले, पण ती तिथून उठायलाच तयार नव्हती. शेवटी पोस्टात जाऊन तार केली – 'आई फार आजारी. फोन कर.' धडधडीत खोटं!

शनिवारी दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानात त्याचा फोन आला. अंगात ताप असताना जीपनं शहरात आला होता बिचारा. आई ठणठणीत आहे म्हटल्यावर मला नको नको ते बोलला. मी ऐकून घेतलं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. तो फोन करायला गेला असताना, भर दुपारी, लढाईत हरलेला एक म्हातारा वाघ कॅम्पात शिरला होता. रमेशचा तंबू फाडून आत गेला, अंथरुणाच्या चिंध्या केल्या, खाटेवर मुताचा फवारा मारला. 'वाघ अशीच हद्द सांगतो, ताई. गंमत म्हणजे त्या फवाऱ्याला चांगल्या तांदळाच्या भातासारखा वास येतो.'

मी ते वाक्य दोनदा वाचलं. वासाबद्दल आम्ही त्याला चकार शब्द सांगितला नव्हता. आणि तार गेली नसती तर तापात तो त्याच खाटेवर पडून असता!

योगायोग म्हणावा, तर तीन दिवस आमच्या घरात कसला वास होता? अजून मला सांगता येत नाही.

रमेश सुट्टीवर आला तेव्हा आईनं फाटकातच त्याच्या थोबाडीत मारली. मग तिनं त्याला असं घट्ट धरलं की टॅक्सीवाला पैसे न मागता कितीतरी वेळ तसाच उभा होता.