खलीलभाईंच्या अक्षता

खलीलभाईंचा उजवा कान छापखान्याच्या मशीनने नेला, असं ते स्वतःच सांगतात. कर्जतच्या बाजारपेठेत त्यांच्या वडिलांनी छापखाना काढला तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. पायाने चालवायचं ते मशीन पुढची वीस-बावीस वर्षं त्यांच्या उजव्या अंगाला धडधडत राहिलं. डावा कान अर्धामुर्धा शाबूत आहे. कानात घालायचं यंत्र आणलेलं आहे, पण ते शिट्टी मारतं म्हणून टेबलाच्या खणात पडून असतं. त्यामुळे त्यांच्याशी बोलायचं तर डावीकडे उभं राहून बोलायचं, नाहीतर वाया गेलेल्या प्रुफाच्या पाठीवर लिहून दाखवायचं. मी चौदा वर्षं तेच करते आहे. त्यांच्या दुकानात मी कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवते.

भाई मुसलमान, पण कर्जत-खालापूर दोन्ही तालुक्यांतल्या लग्नपत्रिका त्यांना तोंडपाठ. कोणत्या गावाची ग्रामदेवता कोण, कोणत्या घरात थोरल्या काकांचं नाव वडिलांच्या वर घ्यावं लागतं, कोणत्या मामाला वगळलं तर मांडवात भांडण होईल, हे गिऱ्हाइकाला आठवायच्या आधी ते विचारतात. मला लग्न होऊन आल्यावर सासरच्यांची कुळी नीट कळली ती त्यांच्या जुन्या पत्रिकांच्या गठ्ठ्यातून.

गेल्या उन्हाळ्यात लगीनसराई संपत आली तरी आमच्याकडे कागदाचे गठ्ठे तसेच पडून होते. लोक पत्रिकेचं चित्र मोबाईलवर पाठवून मोकळे होत होते. मे महिन्यात भाईंचे धाकटे भाऊ अकरमभाई आले. त्यांचं नेरळला मोबाईलचं दुकान आहे आणि आमचा गाळा दोघा भावांच्या नावावर.

"भाई, तुझ्या कानाबरोबर धंदा पण गेला," ते डाव्या बाजूला वाकून म्हणाले. "इथे मी मोबाईलचं दुकान टाकतो. तू आरामात गल्ल्यावर बस."

"आणि सुप्रिया?"

"ती कव्हरं विकेल की."

सुप्रिया म्हणजे मी. तिथेच बसले होते, पण कव्हरासारखीच गप्प.

भाईंनी चष्मा काढून पुसला. "लोकांना पत्रिका मोबाईलवर पायजे ना? मग मोबाईलवर देतो. नुसतं चित्र नाय. बोट लावलं की हलणारी."

"तू? तुला आलेला फोन उचलता येत नाय."

"फोन ऐकायला लागतो. हे बघायचंय."

अकरमभाई हसले, पण माणूस वाईट नाही. शेवटी बोली ठरली. तुळशीच्या लग्नापर्यंत मुदत. तोवर एका तरी घराने आमची हलणारी पत्रिका घेतली तर दुकान आहे तसं राहील. नाहीतर दिवाळीनंतर पाटी बदलायची.

अकरमभाईंची मुलगी सानिया इंजिनीअरिंगला आहे. तिने आधी शिकवणीचे व्हिडिओ पाठवले. भाईंनी दोन बघितले आणि मोबाईल पालथा ठेवला. "हा माणूस घाईत हाय," ते म्हणाले, "आणि तोंड पण दाखवत नाय." ओठ दिसले तर त्यांना थोडं उमगतं, पण तिथे नुसता पडदाच दिसत होता. मग सानियाने कॉलेजच्या ग्रंथालयातून काढून टाकलेली तीन जाडजूड इंग्रजी पुस्तकं आणून दिली. पडद्यावरची चित्रं हलवायला कॉम्प्युटरला ज्या भाषेत सांगावं लागतं, ती शिकवणारी. पुस्तक बघून भाईंचा चेहराच बदलला.

"हे बरं हाय. बोट ठेवलं तिथे थांबतं."

दुपारी एक ते तीन शटर अर्धं ओढून आम्ही वाचायला बसू लागलो. दोघंही मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेले. मी शब्दकोश उघडून अर्थ समासात पेन्सिलीने लिहायचे, भाई पट्टी ठेवून एकेक ओळ खाली सरकायचे. पोथीसारखं पहिल्या पानापासून वाचायचं, मधलं पान सोडायचं नाही, पुढचं आधी उघडायचं नाही. हा नियम कोणी घातला आठवत नाही. मला श्रावणातल्या पोथीची सवय, त्यांना लहानपणीच्या मदरशाची. प्रकाशकाचा पत्तासुद्धा आम्ही वाचला.

वीस दिवसांनी एका रविवारी सानिया आली, आमच्या समोरचं पुस्तक बघून तिने कपाळाला हात लावला.

"बडे अब्बू, यातलं आता कुठेच चालत नाही. ते बंद होऊन कैक वर्षं झाली. तुम्ही शेवटचं पुस्तक आधी घ्यायचं."

एकशे चाळीस पानं झाली होती. मला रडूच आलं. भाईंना मी कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी वाचलं आणि ते पुस्तक कपाटात नीट उभं ठेवलं. "छपाईचे शिशाचे खिळे पण बंद झाले," ते म्हणाले. "म्हणून मला अक्षर वळखता येत नाय का?" आणि खरंच, नवं पुस्तक उघडलं तर तेच कंस, तेच अर्धविराम, सांगण्याची रीत तीच. पहिली पन्नास पानं आम्ही ओळखीच्या रस्त्याने गेल्यासारखी वाचली.

भाईंचा एक मोठा उपयोग झाला. खिळे जुळवताना अक्षर उलटं असतं, आरशात दिसल्यासारखं. तसं उलटं वाचण्यात त्यांची हयात गेलेली. त्यामुळे एखादा कंस उघडून बंद करायचा राहिला तर माझ्या आधी त्यांना दिसायचा. "इथे दार उघडं राहिलंय बघ," म्हणायचे.

पण एक चूक त्यांनाही दिसली नाही. पुस्तकातला पहिला पुरा धडा, एक चेंडू पडद्यावर इकडून तिकडे जातो, तो मी माझ्या कॉम्प्युटरवर टाइप केला आणि त्यांनी त्यांच्या. त्यांचा चेंडू गेला. माझा जागचा हलेना. प्रुफ ताडून बघतात तसं आम्ही दोन्ही ताडून पाहिलं, ते वाचायचे आणि मी बोट ठेवायचे. तीन दुपारी गेल्या. सगळं सारखं. चूक कुठल्या ओळीत आहे ते दाखवणारी खिडकी असते, पण ती होती पुढच्या धड्यात, आणि पुढचं आधी वाचायचं नाही.

चौथ्या दिवशी तो धडा आला. खिडकी उघडली, तर चूक पहिल्याच ओळीत. पहिल्या ओळीत मी काय लिहिलं होतं? ॥ श्री ॥. शाळेच्या पहिल्या वहीपासूनची सवय, हात आपोआप जातो. पुस्तकात ती ओळ नाही, म्हणून ताडताना आम्ही ती धरलीच नव्हती. भाईंच्या पहिल्या ओळीत होतं ७८६, तेही इंग्रजी आकड्यांत. त्यांचं चाललं आणि माझं नाही. खरं सांगते, क्षणभर मनात नको ते आलं.

भाईंना ते चेहऱ्यावरून कळलं असावं. त्यांनी मागची पानं उलटली, पट्टी ठेवली. नुसता आकडा असेल तर यंत्र तो बघतं आणि पुढे जातं. शब्द असेल तर त्याचा अर्थ शोधायला लागतं आणि न सापडल्याने अडून बसतं.

"तुझ्या देवावर त्याचा राग नाय गं," ते म्हणाले. "त्याला वाचता येत नाय, एवढंच."

खिडकीच्याच धड्यात पुढे होतं की ओळीआधी दोन तिरक्या रेघा दिल्या तर यंत्र ती ओळ सोडून देतं, ती ओळ माणसांसाठी असते. मी श्रीच्या आधी दोन रेघा दिल्या. माझा चेंडू निघाला. मग भाईंनी गुपचूप आपल्या ७८६ च्या आधीही दोन रेघा दिल्या. मी विचारलं, तुमचं तर चालत होतं. म्हणाले, "कशाला उगाच त्याच्याकडून वाचून घ्यायचं."

दसऱ्याच्या आसपास सुरभी आली. खालापूर तालुक्यात चौकच्या अलीकडे तिचं गाव, खोपोलीला कंपनीत नोकरी, डिसेंबरात लग्न. तिला मोबाईलवरचीच पत्रिका हवी होती. पण घरात आजीचा शब्द चालतो आणि जनाआजींनी सांगून टाकलं होतं, अक्षता नाय तर आमंत्रण नाय. आमच्याकडे पत्रिकेबरोबर कुंकू लावलेल्या तांदळाचे चार दाणे द्यायची रीत आहे. मोबाईलवर दाणे कुठून देणार?

"आजी नाही म्हणाली तर बाबा पण नाही म्हणतील," सुरभी म्हणाली. "मग पनवेलहून तयार पत्रिका आणतील."

मी हे लिहून दाखवलं. भाईंनी कागद वाचला आणि एक बोट टेबलावर टेकवलं. मग म्हणाले, "बोट लावलं की बोटातून अक्षता पडतील. आजींना घेऊन ये."

पुस्तकात बर्फ पडण्याचा धडा होता. आम्ही तो टाइप केला आणि बर्फाच्या जागी तांदूळ काढला. पडद्यावर पिसं तरंगावीत तसे दाणे उतरले. भाईंनी नाही म्हणून मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला घरून मूठभर तांदूळ आणायला सांगितला, आणि दुपारभर टेबलावर एकेक दाणा सोडून बघत बसले.

"बर्फाला घाई नाय. तांदळाला हाय. सुटताना हळू, मग जोर वाढत जातो. खाली आपटला की एवढीशी उडी मारतो आणि आडवा होतो. ह्ये तीन लिही."

ते तीन लिहायला आम्हाला अकरा दिवस लागले. दाण्याचं चित्रही मी बोटाने काढलेलं त्यांना पसंत पडेना. "हा तुटका वाटतो. अक्षतेत तुटका चालत नाय ना तुमच्यात?" मलाच लाज वाटली. मग मी निवडून अख्खे दाणे कुंकवात घोळवले आणि आम्ही स्कॅनरवर ठेवून त्यांचं चित्र घेतलं. स्कॅनरच्या काचेच्या कडेला कुंकू शिरलंय, ते काही निघत नाही.

मुदतीला चार दिवस उरले असताना सुरभी आजींना घेऊन आली. भाताची झोडणी चालू होती, जनाआजी खळ्यावरून थेट आलेल्या, पदराला तूस चिकटलेलं. भाईंनी मोबाईल त्यांच्यापुढे धरला. पडद्यावर मांडवाचं दार, वर गणपती, खाली नावं.

"हात लावा, आजी."

आजींनी बोट लावलं. काही झालं नाही. पुन्हा लावलं, दाबून लावलं. काही नाही. सुरभीने लावलं तर दाणे सरसर पडले. आजींनी लावलं तर पडदा ढिम्म.

"मला नाय देत त्यो," आजी म्हणाल्या. "पोरीलाच देतो."

पाच महिने माझ्या डोळ्यांपुढून गेले, आणि अकरमभाईंची पाटी दिसायला लागली. भाई मात्र आजींच्या बोटांकडे बघत होते. विळ्याने आणि पेंढ्याने खरखरीत झालेली, भेगा पडलेली, कोरडी ठणठणीत बोटं. कागद मोजताना बोट ओलं करायला आमच्या टेबलावर स्पंजाची डबी असते. ती त्यांनी आजींपुढे सरकवली.

"यात बुडवा. मग लावा."

आजींनी बोट बुडवून पदराला जरा टिपलं आणि लावलं. लाल दाणे पडले. सुटताना हळू, मग जोरात, खाली आपटून एवढीशी उडी, आणि आडवे. आजींनी बोट उचललं, दुसऱ्या जागी टेकवलं. तिथूनही पडले. पाच-सहा वेळा अक्षता टाकल्या. मग डाव्या हाताने काचेवरचे दाणे गोळा करायला गेल्या आणि स्वतःशीच हसल्या.

"बरं हाय. पर देवीला काय ठेवू? तुमचा मोबाईल?"

पहिली पत्रिका ग्रामदेवतेपुढे ठेवतात. इतक्या महिन्यांत हे माझ्यासारख्या पूजाअर्चा करणाऱ्या बाईच्या डोक्यात आलं नव्हतं. आजी भाईंच्या डावीकडेच होत्या आणि आवाज खळ्यावरचा, त्यांना स्पष्ट ऐकू गेलं.

"कागदाच्या पाच छापतो," ते म्हणाले. "देवीला, कुळदैवताला, आणि तुमच्या वयाच्या माणसांना. बाकीच्यांना ही."

"पाचात काय व्हतंय? अकरा छापा. आनि माज्या भावाचं नाव वर घ्या, त्यो लगेच रुसतो."

भाईंनी भावाचं नाव आधीच वर घेतलं होतं. गेल्या पिढीतल्या लग्नात तो रुसला होता, हे त्यांच्या लक्षात होतं.

तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी अकरमभाई आले. बाकावर दोन गिऱ्हाइकं होती, एक सुरभीच्या मैत्रिणीचे वडील आणि एक भिवपुरीकडचे. अकरमभाई पाठीमागे उभे राहिले, मग त्यांनाही बाकावर जागा मिळाली. ते दोघं गेल्यावर विचारलं, "किती झाल्या?"

"एक दिली. दोन आत्ता ठरल्या," मी म्हणाले.

"बोली एकाची होती." त्यांनी पडद्यावर बोट लावून चार दाणे पाडले, अजून चार पाडले. मग हळूच म्हणाले, "मला वाटलं होतं, भाईला जमणार नाय. घरी सगळ्यांना सांगून पण बसलो होतो."

ते उजवीकडून बोलले होते. मी कागदावर लिहून भाईंना दिलं. भाईंनी वाचलं, कागद अकरमभाईंपुढे ठेवला आणि खाली आपल्या हाताने लिहिलं, मला पण.

दोघं भाऊ मग चहाला गेले. जाताना भाई मला म्हणाले, "भिवपुरीवाल्याला पत्रिकेत बैलगाडी पायजे, चालणारी. उरलेल्या पुस्तकात चाकाचा धडा हाय म्हणतात. अर्थ लिहून ठेव."

मी घरी जाऊन दिवा लावला तेव्हा आधी देवाचे आभार मानले, मग खलीलभाईंचे. चौदा वर्षांत त्यांनी मला कधी नुसती टाइप करणारी बाई मानलं नाही. मग ती पुस्तकं लिहिणारी माणसं आठवली. कुठल्या देशातली, कोण, मला माहीत नाही. माझ्यासारख्या बाईला शब्दकोश घेऊन बसावं लागेल, हे त्यांना ठाऊक असायचं कारण नाही. तरी त्यांनी एकेक पायरी लिहून ठेवली होती, एकही गाळली नव्हती. अर्थ लिहायला घरी आणलेल्या पुस्तकांच्या पहिल्या पानांवरून त्यांची नावं मी पुन्हा वाचली, जमेल तशी उच्चारली, आणि हात जोडले.